उसना रोटर

सुपारीहून थोडा मोठा, काळा, बेकलाइटचा, आणि माथ्यावर पितळेची एक पट्टी, जिचे टोक ठिणग्या सोडून सोडून करपले होते — कौशल्याबाईंनी तो तळहातावर उलटा केला, पुन्हा सुलटा केला, खालच्या उडालेल्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि इतकी वर्षे या एवढ्याशा वस्तूने आपल्याला खाली मान घालायला लावली, याचे त्यांना आज प्रथमच थोडे हसू आले. थोडेच. फार हसणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

या घरात आधी जयवंताबाई झाल्या. जयवंताबाईंच्या सून अनसाबाई. अनसाबाईंच्या सून इंदूबाई. आणि इंदूबाईंची सून मी, कौशल्या. तिघींचे फोटो दिवाणखान्यात ओळीने आहेत आणि तिघींच्याही कपाळावर एकच आठी आहे, जी आता माझ्याही कपाळावर उतरली आहे असे माझी सून पौर्णिमा म्हणते — माझ्या माघारी म्हणते, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणते. तर या तिघींचा नेम असा, की उसने आणलेले घरात मुक्कामाला ठेवायचे नाही. वाटीभर साखर आणली तर शीग लावून परत. परत करण्याआधी चाखून बघायचे, की आपण नेतो ते घेतल्याहून हलके तर नाही. आणि भांडे रिकामे पाठवायचे नाही. इंदूबाईंनी शेवटच्या दुखण्यातही शेजारच्या घरून आणलेली पायली आठवणीने परत करवली आणि मगच औषध घेतले.

आणि त्यांच्या सुनेच्या सुपारीच्या डबीत, दुसऱ्याच्या गाडीचा रोटर.

"आई, आणा तो इकडं. की पूजा करून राहिल्या त्याची?"

पौर्णिमा बॉनेटखाली वाकली होती. सून तंत्रनिकेतनात विजेचा विषय शिकवते. आज रविवार म्हणून पदर खोचून, हाताला ग्रीस फासून उभी होती. अंगणातली पांढरी अँबॅसेडर — सूर्यभानरावांची, म्हणजे कौशल्याबाईंच्या यजमानांची — त्यांच्यामागे बरीच वर्षे खोळीखाली निजलेली होती. गेल्या आठवड्यात गॅरेजवाल्याने ब्रेक, टायर, पेट्रोलची टाकी सगळे करून दिले. प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपाशी येऊन मात्र तो थांबला. उंदरांनी प्लगच्या वायरी कुरतडून, ओढून, त्याच्या वरच्या कॅपमधून पार उपटून टाकल्या होत्या; कोणती कुठे होती ते सांगायला एकही जागेवर नव्हती. हे सगळे काढून फेकू, नवीन इलेक्ट्रॉनिक बसवू, रोटरबिटरची भानगडच नको, असे तो म्हणाला, तेव्हा कौशल्याबाईंनी त्याला मजुरी देऊन, चहा देऊन, फाटक दाखवले होते.

रोटरची भानगड नको! अरे, त्या भानगडीसाठीच तर ही गाडी उठवते आहे मी.

फोन आला तो धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. अकोल्याहून, जुन्या शहरातून. "बाई, मी सबीहा बोलतो, इनायतुल्लाची पोरगी... तुमाले तकलीफ देतो, पन अब्बा लय दिवसापासून एकच लावून बसले. रोटर आणा म्हणतात. अमरावतीच्या बाईकडं हाय म्हणतात. गाडी इटांवर उभी हाय, रोटर आला की निघतो म्हणतात. गाडी तर कवाच इकली, बाई. त्यायले आता काही ध्यानात नाही राहत... तुमच्याकडं हाय का असं काही?"

आहे, असे कौशल्याबाई म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर तिथेच स्टुलावर बसल्या. त्यांना वाईट वाटायला हवे होते. म्हाताऱ्या माणसाची स्मृती गेली, त्याची मुलगी रडवेली झाली — पण छातीतून जे वर आले ते वाईट वाटणे नव्हतेच. पायातला काटा अचानक स्वतःहून बाहेर यावा तसे काहीतरी होते. मागितले. अखेर मागितले त्याने.

कारण तो म्हणालाच होता, की लागेल तेव्हा मागीन.

तो दिवस... तोही रविवारच होता. पातूरहून, माहेराहून निरोप आला होता की बाबांचे काही खरे नाही, निघा. सूर्यभानराव गाडी चालवत होते, मी मागे बसले होते, मांडीवर हात घट्ट दाबून. अकोल्यात मोर्णेचा पूल ओलांडला आणि जुन्या शहराच्या तोंडाशी गाडी दोन आचके देऊन थांबली. यजमानांनी बॉनेट उघडले. कॅप काढली. रोटर उभा चिरला होता. बाजार बंद. त्या काळी रविवारी सुटा भाग कुठला मिळायला! आणि मी, जिने आयुष्यात कुणाला घाई करा म्हटले नाही, मी खिडकीतून बाहेर बघत मनातल्या मनात म्हणत होते, थांबा बाबा, थांबा — आणि समोर रस्त्याच्या कडेला एक काळी-पिवळी अँबॅसेडर टॅक्सी विटांवर चढवलेली होती, चाके काढलेली, आणि तिच्याखालून एक माणूस सरपटत बाहेर आला. तो इनायतुल्ला. पातूरला हिच्या वडिलांकडे, वेळ थोडा आहे, एवढेच यजमान त्याला म्हणाले. त्याने यजमानांच्या हातातला चिरलेला तुकडा पाहिला, माझ्याकडे एकदा पाहिले — मी रडत नव्हते, पण माझे तोंड त्याला दिसले असेल — आणि स्वतःच्या गाडीचे बॉनेट उघडून तिचा रोटर काढून आमच्या गाडीत बसवला. "माही गाडी आज इटांवरच हाय," म्हणाला. "हा रोटर बसून काय करन? तुमच्यासंग जाऊ द्या त्याले."

मी पोहोचले.

पुढचे मी फारसे कुणाला सांगितले नाही.

"आता हे पाहा," पौर्णिमा म्हणाली. नव्या वायरी तिने कापून, टोपण लावून तयार ठेवल्या होत्या — चार प्लगच्या, आणि कॅपच्या मध्यात बसणारी कॉइलची. "वीज मधातून येते. रोटर फिरते आन् एकेका प्लगले देते. पण कोणत्याले कोणाच्या मागून, ते कळ्ळं पायजे. एक-दोन-तीन-चार असं नसते ते."

"एक, तीन, चार, दोन," कौशल्याबाई म्हणाल्या.

सून वळून बघतच राहिली. तिचे तसे बघणे कौशल्याबाईंना आवडले. लग्नाला इतकी वर्षे झाली तरी या मुलीला आपल्याकडून काही नवे मिळू शकते, हे तिला कळलेले बरे.

"काय पाहून राहिली वं? तुह्या सासऱ्याच्या बाजूले बत्ती धरून मीच उभी राहत होती. ते चार भाऊ. इंदूबाई वाढायच्या कशा? थोरल्याले पहिलं. मंग तिसऱ्याले, त्याले कचेरीत जायची घाई. मंग धाकट्याले, तो भुकेनं रडे. आन् दुसरा शेवटी. कारण दुसरा गाडीखाली."

"दुसरे म्हणजे बाबा."

"दुसरे म्हणजे तुह्ये सासरे. वायर लावताना हेच म्हणायचे. थोरला, तिसरा, धाकटा, मी."

पौर्णिमाने पहिल्या प्लगची वायर कॅपवर बसवली आणि हात थांबवला. "आता पुढची कोणीकडं? उजवीकडं का डावीकडं?"

"हे काय विचारणं झालं? पंगत उजवीकूनच वाढतात."

तशीच लावली. उजवीकडून, प्रदक्षिणेसारखी — थोरला, तिसरा, धाकटा, दुसरा. कौशल्याबाईंनी रोटर आपल्या हाताने सुनेच्या हातात दिला, सुनेने तो दांड्यावर दाबून बसवला, कॅपच्या कड्या लागल्या, आणि पौर्णिमा आत बसून किल्ली फिरवणार तोच कौशल्याबाईंनी उगाच आभाळाकडे बघितले. सेल्फ घुरघुरला. मग बॉनेटखालून असा काही आवाज निघाला, की आंब्यावरचे बगळे उडाले आणि शेजारच्या बेबीताई कुंपणापाशी धावत आल्या.

"काय झालं वं कौशल्याबाई? दिवाळी सरली ना?"

"आमची उरली होती," कौशल्याबाई म्हणाल्या.

पुन्हा. पुन्हा तोच फटाका, आणि नळकांड्यातून काळ्या धुराची एक उबळ. आणि तिसऱ्या खेपेला तेही नाही. कौशल्याबाई व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. गाडी चालली नाही, तर रोटर भाड्याच्या गाडीने नेऊन देता येईल हे त्यांना कळत होते, पौर्णिमाने तसे दोनदा सुचवलेही होते — पण चाखल्याशिवाय उसने परत करायचे? चालतो की मेला हे न बघता माणसाच्या हातात ठेवायचे? आणि इनायतुल्ला सूर्यभानरावांना दर खेपेला विचारायचा... हे अकोल्यावरून गेले की मुद्दाम थांबायचे, आणि तो गाडीखालूनच ओरडायचा, "चालते का माहा रोटर?" आणि हे म्हणायचे, "चालते!" — एवढेच. चहा नाही, पाणी नाही. दोन बाप्ये माणसे एवढ्यावर वर्षानुवर्षे खूश. आणि आता तो विटांवर चढवलेल्या, कधीच विकून टाकलेल्या गाडीपाशी बसून वाट बघतो आहे, तर त्याला मी काय सांगू? की चालत नाही?

"आई, इकडं या. बत्ती धरा."

पौर्णिमाने कॅप पुन्हा काढली होती. कॉइलची वायर बाजूला ठेवून तिने बेबीताईंना, ज्या आता फाटक उघडून आतच आल्या होत्या, किल्ली फिरवायला बसवले. "फक्त फिरवा अन् सोडा. मले पाहायचं आहे हा कोणीकडं फिरते."

कौशल्याबाईंनी बत्ती धरली. सेल्फ घुरघुरला, आणि काळा, करपल्या टोकाचा रोटर हलला — डावीकडे. सगळ्या देवघरांच्या, पंगतींच्या, सप्तपदीच्या उलट. डावीकडे, डावीकडे, सावकाश, एक संपूर्ण फेरा.

आणि त्या फेऱ्याबरोबर यजमानांचा आवाज आला, ग्रीसचा वास घेऊन, इतक्या जवळून, की त्यांनी मागे वळून पाहिले. "पितरांचं पान आहे हे, कौशल्या. उलटं वाढायचं." हो... असेच म्हणायचे हे. दर खेपेला म्हणायचे, आणि दर खेपेला मी त्यांना दटावायची — गाडीत लेकरे बसतात, गाडीला हात लावून असे अभद्र बोलू नका! मग त्यांनी ते बोलणे सोडले. थोरला, तिसरा, धाकटा, मी, एवढेच ठेवले. आणि उरलेले, जे खरे लागत होते ते, मीच त्यांच्या तोंडातून काढून टाकले, आणि माझ्या डोक्यातूनही... आता चौघेही भाऊ भिंतीवर आहेत. आता खरेच पितर आहेत. वाढा बापा, उलटे वाढा.

"डावीकडून लाव," त्या म्हणाल्या. "काय पाहतं? लाव. श्राद्धाचं वाढतात तसं."

पौर्णिमा वाकली. दोन वायरींची अदलाबदल, बस, इतकेच होते. कड्या लागल्या. किल्ली फिरली. इंजिन एकदा खोकले, दोनदा — आणि लागले. लागले आणि लागूनच राहिले, आधी ओबडधोबड, मग एका लयीत, आणि बॉनेटच्या थरथरत्या पत्र्यावर कौशल्याबाईंनी हात टेकला, तो काढवेना. कुणाच्या तरी अंगावर हात ठेवल्यावर ताप उतरल्याचे कळावे तसे ते थरथरणे तळव्यात भरत होते. बेबीताई टाळ्या वाजवत होत्या. पौर्णिमा ग्रीसच्या हाताने कपाळावरचे केस मागे सारत, तोंडभर हसत होती, आणि तिच्या कपाळावर एक काळी आडवी रेघ उमटली होती, अगदी आठीच्या जागी. कौशल्याबाईंनी ती पुसायला सांगितले नाही.

"शेवयांचा डबा घे," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात केल्या त्या. रिकाम्या हातानं जायचं नाही."

बडनेरा गेले, मूर्तिजापूर गेले. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती, वेचणाऱ्या बाया वाकलेल्या होत्या, आणि गाडीच्या आवाजाने त्यातल्या एकदोघी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. कौशल्याबाई आज पुढच्या सीटवर बसल्या होत्या. जन्मभर या गाडीत त्या मागे बसल्या. पुढे बसले की रस्ता आपल्या अंगावर येतो, हे त्यांना ठाऊकच नव्हते. समोरच्या कप्प्यात दुसरा रोटर होता, नवा, कागदाच्या वेष्टनातला, वेष्टन पिवळे पडलेले. बाबांचा तेरावा करून पातूरहून परतताना यजमानांनी तो अकोल्यात विकत घेतला होता आणि इनायतुल्लापुढे धरला होता. आणि तो म्हणाला होता...

मी पाहिले ते काचेतून. मी उतरले नव्हते. घरची सून रस्त्यावर, बाजारात, टॅक्सीवाल्याशी बोलायला उतरत नाही; कुणी अडवले नव्हते, पण इंदूबाई माझ्यात बसलेल्या होत्या आणि त्यांनी दाराच्या कडीवर माझा हात जाऊ दिला नाही. काच अर्धी खाली होती. तो म्हणाला, "मी नवा देल्ला होता का तुमाले? जुना देल्ला. जुनाच घेईन. राहू द्या भाऊ, उसना हाय. लागन तवा मांगीन." मग तो वाकला, काचेपाशी आला, आणि मला काहीतरी विचारणार तेवढ्यात यजमानांनी गाडी सुरू केली... काय विचारणार होता? मी नंतर कित्येकदा ते तोंड आठवले. उघडलेले, आणि मग मिटलेले.

"आई, झोपल्या काय?"

"गाडीत झोपणारी बाई मी नाही. पुढं पाहा."

जुन्या शहरात गल्लीच्या तोंडाशी पौर्णिमाने गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवून. सबीहा दारातच होती, पन्नाशीची, डोक्यावरची ओढणी सावरत. आणि तिच्यामागे ओट्यावरच्या खाटेवर, उशीला टेकून, पांढऱ्या दाढीचा एक फार बारीक माणूस. तो कुणाकडेच बघत नव्हता. मान तिरकी करून ऐकत होता.

"टायमिंग जरासं मांगं हाय," तो म्हणाला.

"अब्बा, अमरावतीच्या बाई आल्या. सूर्यभानरावच्या."

"रोटर आणला?"

कौशल्याबाईंनी पौर्णिमाकडे पाहिले. इंजिन बंद झाले. गल्ली एकदम शांत झाली. शेळी कुठेतरी ओरडली. पौर्णिमाने कॅप उघडून रोटर काढून आणला, आणि तो गरम होता, घरच्या स्वयंपाकघरातून आताच उतरवल्यासारखा. कौशल्याबाईंनी तो पदराने पुसला, शेवयांच्या डब्यावर ठेवला आणि डबा दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

"चालते," त्या म्हणाल्या. "अमरावतीहून इथलोक त्याच्यावरच आलो."

त्याने रोटर उचलला. खालची उडालेली कड अंगठ्याने चाचपली, कौशल्याबाई चाचपत तशीच, त्याच बाजूने. "हा माहाच," म्हणाला, आणि मूठ मिटली. सबीहाने डोळ्याला ओढणी लावली. आता झाले, असे कौशल्याबाईंना वाटले. फिटले. आता निघायचे. पण तो त्यांच्याकडे बघत होता, आणि त्याचे तोंड उघडले होते — तसेच, काचेपलीकडचे, अर्धवट.

"मंग?" तो म्हणाला. "पोचल्या का तुमी?"

"आलो ना. समोरच आहे."

"इथं नाही व बाई. पातूरले. बापाकडं." तो अधीर झाला, ज्याचा रोटर आज सकाळीच गेला आहे आणि जो दिवसभर वाट बघतो आहे असा. "भेटले का? का उशीर झाला?"

एवढेच होते. एवढेच विचारायचे होते त्याला; आणि रोटर, गाडी, विटा, सगळे त्याने त्याच प्रश्नाच्या भोवती उभे धरून ठेवले होते. सांगायला मला काय लागले असते? काच पूर्ण खाली करायची, एवढेच ना.

"भेटले," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते पूर्ण सांगितले, कारण अर्धे देण्याची त्यांच्या घरात रीत नव्हती. "डोये उघडे होते. मले ओळखलं. माह्या नावानं हाक मारली, माहेरच्या नावानं, चंद्री म्हणून. पाणी मांगतलं. माह्या हातचं पाणी पेले. मंग दिवेलागणीले गेले. जरा उशीर झाला असता तर नसते भेटले."

तो ऐकत राहिला. मग त्याने मान हलवली, समाधानाने, हिशोबी माणसासारखी, आणि उशीला पाठ टेकली.

"मंग ठीक झालं," म्हणाला. आणि थोड्या वेळाने, डोळे मिटता मिटता, "उतरा ना बाई. गाडीतच काहून बसल्या? सबीहा, चाय ठेव."

कौशल्याबाई ओट्यावर, त्याच्या खाटेपाशी उभ्या होत्या. पौर्णिमा काहीतरी बोलणार होती. त्यांनी हाताने तिला थांबवले.

"उतरलो, भाऊ," त्या म्हणाल्या.

त्या खाटेच्या कडेला बसल्या. आतून स्टोव्हचा आवाज येऊ लागला. गल्लीच्या तोंडाशी पौर्णिमा नव्या रोटरचे पिवळे वेष्टन फाडत होती, आणि तो नवा बसेल की नाही, परतीची वाट तो धरेल की मूर्तिजापूरलाच आचके देईल, हे त्यांना माहीत नव्हते, आणि नवल असे की ते जाणून घ्यावेसेही वाटत नव्हते. सवयीने त्यांचा हात पदराच्या गाठीकडे गेला, जिथे, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून, हे रात्री तिचा रोटर काढून आणून द्यायचे आणि त्या बांधून ठेवायच्या. गाठ रिकामी होती. त्यांनी ती सोडली, दोन बोटांत धरून सपाट केली, आणि तो चुरगळलेला कोपरा तसाच सुटा मांडीवर ठेवून त्या चहाची वाट बघत बसल्या — कोणी घाई केली असती तरी उठल्या नसत्या.